हॉटेलचे रजिस्टर आणि आपले नाव

आमच्या चारठाण्यात 'चल हाटेलात' असे कोणी म्हटले की त्याचा अर्थ एकच असतो. बाकड्यावर बसायचे, भजे मागवायचे, अर्धा-अर्धा चहा घ्यायचा आणि गावातल्या बातम्या ऐकायच्या. हॉटेल म्हणजे खोली भाड्याने मिळण्याची जागा, हा शहरातला अर्थ. परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात हॉटेल म्हणजे गावाची बैठक. निवडणुकीत कोण कुणाला पाडणार हे तिथे ठरते, कुणाच्या पोरीचे लग्न कुठे जुळले हे तिथे कळते. म्हणून त्या बाकड्यावर कोण बसू शकतो आणि कोणाला बाहेर उभे राहावे लागते, हा प्रश्न चहाच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

आता त्याच बाकड्यावर वस्तीतली पोरे मोबाईलवर सिनेमे आणि वेब सिरीज बघतात. त्यातही हॉटेल असते, पण ते वेगळे. दिवाणखान्याएवढी लिफ्ट, गुळगुळीत फरशी, हसून स्वागत करणारी रिसेप्शनिस्ट. सिनेमावाल्यांना हॉटेल फार आवडते, आणि त्याला कारण आहे. एकमेकांना न ओळखणारी माणसे एका छताखाली आणायची असतील तर हॉटेलइतकी सोयीची जागा नाही. 1932 च्या 'ग्रँड हॉटेल' या अमेरिकन चित्रपटाने हा साचा पक्का केला. 1960 मध्ये हिचकॉकने 'सायको'त रस्त्याकडेच्या मोटेलमधून भीती उभी केली. आपल्याकडे 1982 च्या 'नमक हलाल'मध्ये खेड्यातून आलेला अमिताभचा अर्जुनसिंग पंचतारांकित हॉटेलात नोकरीला लागतो आणि लोक पोट धरून हसतात. 2018 च्या 'ऑक्टोबर'मध्ये शूजित सरकारने हॉटेलची मागची बाजू दाखवली. चादरी बदलणारी, फरशी पुसणारी, साहेबाची बोलणी खाणारी शिकाऊ पोरे त्यात आहेत.

हे सगळे चित्रपट एक गोष्ट गृहीत धरतात. खिशात पैसे असतील तर हॉटेलचे दार उघडते. खून, प्रेम, विनोद, रहस्य हे सगळे दार उघडल्यानंतर सुरू होते. आमचे म्हणणे असे की या देशातल्या कोट्यवधी माणसांची हॉटेलची गोष्ट दाराच्या बाहेरच सुरू झाली आणि बहुतेक वेळा तिथेच संपली. ती पडद्यावर फारशी आलेली नाही. ज्यांच्या हातात कॅमेरा होता त्यांना दारात कोणी अडवले नव्हते, हे त्याचे साधे कारण आहे.

गंमत अशी की सिनेमा आणि हॉटेल यांचे नाते जन्मापासूनचे आहे. 28 डिसेंबर 1895 रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला तो एका कॅफेच्या तळघरात. अवघ्या सहा-सात महिन्यांत, 7 जुलै 1896 रोजी, त्यांची हलती चित्रे मुंबईत आली. ती कुठे दाखवली? काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात. तिकीट एक रुपया. भारतातला पहिला चित्रपटाचा खेळ हॉटेलात झाला, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत आहे?

हे वॉटसन्स हॉटेल 1871 मध्ये सुरू झाले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडला होता. गोऱ्यांसाठीचे हॉटेल म्हणून ते ओळखले जाई. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी 1903 मध्ये ताजमहाल हॉटेल उभारले, अशी एक आख्यायिका सांगतात. अनेक इतिहासकारांना ती मान्य नाही. तरी ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते, कारण या देशातल्या वरच्या वर्गाला तो अपमान स्वतःचा वाटतो. एका उद्योगपतीला गोऱ्याने दारातून परत पाठवले, ही गोष्ट शंभर वर्षे जिवंत राहते. पण त्याच देशात, त्याच काळात, गावोगावच्या धर्मशाळांच्या, खानावळींच्या आणि चहाच्या दुकानांच्या दारातून आपल्याच माणसांनी ज्यांना परत पाठवले, त्यांची आख्यायिका कोणी केली नाही. गोऱ्याने काळ्याला अडवले तर तो राष्ट्राचा अपमान ठरतो. सवर्णाने अस्पृश्याला अडवले तर ती गावाची रीत. या दुटप्पीपणाला आमचा पहिला आक्षेप आहे.

ज्यांनी ही गोष्ट लिहून ठेवली ते बाबासाहेबच होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात बडोद्याचा प्रसंग आहे. 1917 साल. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला निघाला. राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात नाव सांगून प्रवेश मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. अंगावर सदरा-कस्ती नाही हे तिथल्या रखवालदाराने ओळखले. तरी एकही प्रवासी नसल्यामुळे त्यालाही पैसे हवे होते. शेवटी तोडगा निघाला तो असा की रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचे. जेवणाखाणासह दिवसाचा दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहान खोली आणि अडगळीने भरलेले मोठे दालन. दिवसभर कचेरी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्या अंधाऱ्या जागेत एकटेच वाचन.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी वर आले. धर्मशाळा बाटवली म्हणून त्यांनी जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायचा हुकूम दिला. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे शब्द टाकला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिश्चन. एकाला घरचे नोकर निघून जातील याची काळजी, दुसऱ्याला बायकोचे मत विचारायचे होते. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला तो माणूस सार्वजनिक बागेत काही तास बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेला.

या प्रसंगाकडे आपण बहुतेक वेळा अपमानाची कथा म्हणून पाहतो. समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आमचे लक्ष त्यातल्या एका वस्तूकडे जाते. ती वस्तू म्हणजे रजिस्टर. वाचनालयात पुस्तक मागावे लागते, बाजारात पैसे द्यावे लागतात, पण हॉटेलात आधी नाव सांगावे लागते. आपल्या देशात नाव म्हणजे आडनाव, आणि आडनाव म्हणजे जात. सिनेमातल्या हॉटेलात माणूस खोटे नाव लिहितो तो गुन्हा लपवण्यासाठी किंवा प्रेयसीला भेटण्यासाठी. बाबासाहेबांना खोटे नाव लिहावे लागले ते फक्त रात्री पाठ टेकण्यासाठी. त्या पुस्तिकेच्या शीर्षकात व्हिसा हा शब्द का आहे, याचे उत्तर इथे मिळते. स्वतःच्याच देशात आत जाण्याची परवानगी मागत उभा राहिलेला माणूस.

खेड्यात रजिस्टरची गरजच नव्हती. तिथे सगळ्यांना सगळ्यांची जात पाठ. आमच्या भागातल्या एका वस्तीवर ऐंशी पार केलेले एक आजोबा आहेत. त्यांच्याकडे आम्ही जुन्या काळच्या गोष्टी ऐकायला बसतो. त्यांनी सांगितले, "हाटेलाच्या बाहेर कुडाला आमच्या कपबश्या खोचलेल्या असायच्या. कान तुटलेले कप. आपुनच काढायचा, आपुनच धुवायचा, त्यानं वरून च्या वतायचा. पिऊन झाला की पुन्हा धुऊन तिथंच ठिवायचा. पैशे मात्र गल्ल्यावर सारखेच." आम्ही विचारले, "पैसे तरी हातात घ्यायचे का?" आजोबा म्हणाले, "फळीवर ठिवायचे, बाबू. पैशाला इटाळ नव्हता, हाताला व्हता." त्या हॉटेलचे गाव कोणते, मालक कोण, हे इथे महत्त्वाचे नाही. आपल्या प्रत्येक तालुक्यात असे आजोबा आहेत.

आता संविधान उघडा. अनुच्छेद 15 चा दुसरा खंड आपण भाषणात घेतो, पण शब्द न शब्द क्वचितच वाचतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत जाण्यापासून रोखता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. पुढच्याच उपखंडात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात. हॉटेल आणि सिनेमागृह संविधानाने एकाच ओळीत ठेवले. 1896 मध्ये वॉटसन्सच्या एकाच इमारतीत जे दोन्ही एकत्र आले होते, ते दोन्ही 26 जानेवारी 1950 पासून कायद्याने सर्वांचे झाले. चहाचे दुकान एवढ्या मोठ्या ग्रंथात का आले असावे, असे कोणी विचारले तर त्याला आजोबांकडे पाठवा.

बाबासाहेबांच्या मागे लागलेला तो कपही कायद्याने सोडला नाही. 1955 चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम 1 जूनपासून लागू झाला. 1976 मध्ये त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याच्या व्याख्येत हॉटेल म्हणजे मोठी इमारत नाही. अल्पोपाहाराची जागा, खानावळ, लॉज, कॉफी हाऊस, कॅफे हे सगळे हॉटेलच. आणि कलम 4 मध्ये हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांत लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हासुद्धा अपराध ठरवला आहे. कुडाला खोचलेली कपबशी ज्याला माहीत होती, त्यानेच भांड्यांचे हे कलम मागितले असणार, असे वाटावे इतके ते नेमके आहे.

जगाशी तुलना करून पाहा. अमेरिकेत काळ्या प्रवाशांसाठी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने 1936 पासून 'ग्रीन बुक' काढले. कोणत्या गावात कोणते हॉटेल आपल्याला घेईल याची ती यादी होती. त्या नावाच्या 2018 च्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. त्यात नामवंत काळा पियानोवादक ज्या ठिकाणी वाजवणार आहे, तिथल्याच भोजनगृहात त्याला जेवू दिले जात नाही. अमेरिकेत हॉटेलांचे दार कायद्याने उघडले 1964 मध्ये. त्यावर अटलांटामधला एक मोटेलमालक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हरला. आपण ही गोष्ट चौदा वर्षे आधी संविधानात लिहिली. पण तिकडे त्या लढ्यावर चित्रपट निघाले, पुस्तके निघाली, शाळेत धडे आले. आपल्याकडे कलम आहे आणि त्यामागची गोष्ट गायब आहे. गोष्ट गायब झाली की कलम निर्जीव होते, हा आमचा दुसरा मुद्दा.

तो मुद्दा आम्हाला पुस्तकातून सुचला नाही. गेल्या वर्षी वस्तीतल्या चार मुलींना परीक्षेसाठी एका मोठ्या शहरात नेले होते. सोबत संस्थेच्या एक कार्यकर्त्या ताई होत्या. रात्री नऊला स्टँडजवळच्या एका लॉजवर गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "रूम आहेत, आधार द्या." पहिले कार्ड पाहिले, दुसरे पाहिले, मग चारही एकदम पाहिली. आत जाऊन फोन करून आला. "वरच्या मजल्यावर पाणी नाही. रूम देता येणार नाही." आम्ही बाहेर पायरीवर उभे असताना दहा मिनिटांत एक कुटुंब आले आणि चावी घेऊन वरच्या मजल्यावर गेले. विचारले तर म्हणाला, "त्यांचं बुकिंग होतं." रजिस्टरमधली शाई मात्र ओली होती.

त्याने जातीचा शब्द उच्चारला नाही. आता कोणी उच्चारत नाही. पाणी नसते, बुकिंग असते, मालक गावाला गेलेले असतात. ताई शांतपणे म्हणाल्या, "पाणी नाही म्हणून रूम नाकारली, एवढं लॉजच्या कागदावर लिहून सही द्या. बाकी आम्ही बघतो." आम्ही मोबाईलवर कलम 4 उघडून त्याच्यासमोर धरले. अर्ध्या तासाने मालकाचा फोन आला आणि दोन खोल्या मिळाल्या. नळाला पाणी चांगले होते.

जिना चढताना एका मुलीने विचारले, "दादा, आडनाव दुसरं सांगितलं असतं तर एवढा वेळ गेला नसता का?" ताई म्हणाल्या, "आधारवरचं कुठून बदलणार, बाई?" सगळ्या हसल्या. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सतरा वर्षांची पोर, दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि तिच्या डोक्यात नाव लपवण्याचा विचार. त्या रात्री आम्ही त्यांना बडोद्याची गोष्ट सांगितली. तिथे थांबलो असतो तर ती फक्त दुःखाची गोष्ट झाली असती. म्हणून लगेच नागपूरची सांगितली.

11 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेब माईसाहेबांसह नागपूरला आले. मुक्काम होता सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलात. 13 ऑक्टोबरला त्याच हॉटेलात पत्रकार परिषद झाली. देशाचे पत्रकार त्यांच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, अशोक विजयादशमीला, ते त्याच हॉटेलातून दीक्षाभूमीवर गेले आणि लाखोंच्या साक्षीने त्यांनी धम्म स्वीकारला. एकोणचाळीस वर्षांपूर्वी परक्या नावाने चोरून राहिलेला माणूस आता स्वतःच्या नावाने हॉटेलात उतरला होता, आणि तिथून निघाला तो लाखोंना नवी ओळख द्यायला. या दोन खोल्यांच्या मध्ये महाड आहे, काळाराम आहे, गोलमेज परिषद आहे, संविधान आहे. कोणी हॉटेलवर चित्रपट काढणार असेल तर आधुनिक भारताचा इतिहास या दोन खोल्यांत मावतो. आम्ही त्या मुलीला एवढेच म्हणालो की त्यांना नाव बदलावे लागले, म्हणून तुला बदलायची गरज नाही.

इथे काही मित्र आक्षेप घेतील. म्हणतील, आता कुठे राहिले हे? कागदी कप आले, वेगळी कपबशी गेली. कागदी कप आले हे खरे. ते जातिअंतासाठी आले नाहीत, भांडी घासणारा पोरगा परवडत नाही म्हणून आले. उष्टे कोणाचे हा प्रश्न सुटला नाही, तो कचऱ्याच्या डब्यात टाकला गेला. नीरज घायवान यांनी 2021 च्या 'गीली पुच्ची'त हेच दाखवले. इतरांना चिनी मातीच्या कपात चहा आणि भारतीला वेगळा स्टीलचा पेला. हॉटेलात लाज वाटते म्हणून जे बंद झाले, ते घराच्या स्वयंपाकघरात चालू आहे. त्यांच्याच 2015 च्या 'मसान'ची सुरुवात हॉटेलच्या खोलीत होते. पोलीस दार फोडून आत येतात आणि एका खोलीपायी दोन आयुष्ये उद्ध्वस्त होतात. दाराच्या बाहेर काय घडते हे माहीत असलेला दिग्दर्शकच हॉटेल असे दाखवू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकत्र चहा पिऊन जात जात नाही, हे बाबासाहेबांनीच 'जातिनिर्मूलना'त मांडले. सहभोजनाने जात मेली नाही, त्यासाठी आंतरजातीय विवाह आणि शास्त्रांच्या प्रामाण्याला नकार हवा, असे ते म्हणतात. हे आम्हाला मान्य आहे. पण सहभोजन हे दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, हॉटेल हक्कावर चालते. कोणी आपल्याला पंगतीला बोलवावे म्हणून आपण विनंती करत नाही. पैसे देऊन घेतलेला चहा आणि भाड्याने घेतलेली खोली हे नागरिकाचे व्यवहार आहेत. त्यात उपकार कोणाचाच नाही.

हे आम्ही परभणी जिल्ह्यातून लिहितो आहोत. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतर आपला एक तरुण भाऊ कोठडीत असताना गेला. काचेतल्या प्रतिकृतीसाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरलेच पाहिजे होते. पण त्या प्रतिकृतीच्या आतल्या पानांवर हॉटेलही आहे, विहीरही आहे, सिनेमागृहही आहे, हे आपल्या पोरांना पाठ असले पाहिजे.

अमेरिकेत मेम्फिसच्या ज्या लॉरेन मोटेलच्या सज्जात 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर गोळी झाडली, ते मोटेल 1991 पासून नागरी हक्कांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. खोली क्रमांक 306 लोक रांगेत उभे राहून पाहतात. आपण दरवर्षी नागपूरला जातो, दीक्षाभूमीवर नतमस्तक होतो. यंदा जाल तेव्हा सीताबर्डीतून जाताना सोबतच्या पोरांना श्याम हॉटेलची गोष्ट सांगा. तेवढ्याने स्मारक होत नाही, पण आठवण पुढच्या पिढीकडे जाते.

आणि आमच्या चारठाण्याचे काय? इथे यादवकालीन मंदिरे आहेत, सुंदर बारव आहे, अभ्यासक आणि पर्यटक बघायला येतात. उद्या पर्यटन वाढले तर लॉज येतील, होम-स्टे येतील, रस्त्याकडेला नवी हॉटेले लागतील. त्या वेळी आपली पोरे फक्त भांडी घासायला आणि झाडू मारायला असतील, की गल्ल्यावर आणि रजिस्टरसमोरही बसतील? हे आजच ठरवावे लागेल. बँकेचे कर्ज, हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण, बचत गटाची खानावळ यांची चौकशी करा. आम्ही सोबत येऊ.

ज्यांना सिनेमाचे वेड आहे त्यांनी एक काम हाती घ्यावे. मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हॉटेलातल्या कपबशीबद्दल विचारा आणि त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. कोणत्या साली, कुठे, कोणी पहिल्यांदा बाकड्यावर बसून चहा मागितला, त्या दिवशी काय झाले, कोण सोबत होते, हे विचारा. ही माणसे फार दिवस राहणार नाहीत. आमच्या आजोबांचे दोन तासांचे रेकॉर्डिंग झाले आहे. कान तुटलेल्या कपाचे बोलून झाल्यावर ते स्वतःहून म्हणाले, "आता पहिल्यांदा आत बसलो तो दिस सांगतो, लिहून घे." ते आम्ही पुढच्या लेखात देऊ. तोवर तुम्ही तुमच्या गावातले पाठवा.

जय भीम!